काळ्या काठाची पत्रं

चर्चच्या भिंतीवर मिससाहेबांचा फोटो आहे. नाताळात त्याला हार घालतात. मी कधी घातला नाही. परवा नातसून म्हणाली, "आजी, तुम्ही तर त्यांच्याकडे कामाला होता ना? मग असं का?" कामाला होते म्हणूनच, बाई. लांबची ओळख असती तर मीही घातला असता.

म्हटलं आता एकदा लिहूनच काढावं. मी काही शिकलेली बाई नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्या सोडून, त्यावरचं छापलेलं वाचून आलं. त्यामुळे लिहायला बसले की बोलल्यासारखं होतं. तेवढं चालवून घ्या.

आमचं गाव शेवगावच्या पुढे, बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. गावाबाहेर मिशनचा बंगला, त्याच्यामागे मुलींचं बोर्डिंग, आणि ओढ्यापलीकडे आमची ख्रिस्ती वस्ती. मिससाहेब बंगल्यात राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं म्हणून मिस. उंच बाई, हाडापेराने मोठी, चालताना बुटांच्या टाचा वाजायच्या. टाचा वाजल्या की बोर्डिंगातल्या मुली हसणं गिळायच्या. मराठी त्यांना उत्तम यायची, पण पुस्तकातली. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई बोलत नाही, बायबल वाचतेय.

मी दहा वर्षांची असताना त्याच बोर्डिंगात होते. त्यांच्या केराच्या टोपलीत एक पाकीट पडलेलं दिसलं. त्यावर तिकीट होतं, तिकिटावर निळी बोट. मी ते उचललं आणि माझ्या पुस्तकात ठेवलं. तपासणीत सापडलं. मी म्हटलं, "टोपलीत होतं, मिससाहेब." त्या म्हणाल्या, "टोपलीतले असो वा टेबलावरचे, विचारल्याशिवाय घेतले ती चोरी." सगळ्या मुलींसमोर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून त्यांच्या हाती मला सोपवलं. पाचवीची पुस्तकं नगरहून आलेली होती. माझ्या वाट्याची दुसऱ्या मुलीला मिळाली. झालं, शाळा संपली. चार वर्षांनी लग्न.

हे सगळं मनात होतं, आणि तरी मी त्यांच्याकडे कामाला गेले. कारण बहात्तरचा दुष्काळ. मालक आधीच गेलेले. मुलगा पोटासाठी मुंबईला, घरात मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायची. आम्ही दोघी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. फोडता फोडता माझा उजवा हात मनगटापासून सुजला. तेव्हा पाळकसाहेब सांगत आले, की मिससाहेब कायमच्या मायदेशी चालल्या आहेत, सामान बांधायला, कागदपत्रं नीट लावायला बाई पाहिजे, आणि वाचता येणारी पाहिजे. वस्तीत वाचता येणारी आणि रिकामी अशी मी एकटीच. आत्या म्हणाल्या, "जा गं. दगड फोडण्यापरीस त्या मडमीचं ऐकून घ्येनं बरं."

खरं सांगायचं तर दगड मऊ होते.

पहिल्याच दिवशी मिससाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू तीच ना?"

म्हटलं, "हो, तीच."

"आता मोठी झाली आहेस. आता तरी विचारून घेत जा."

अठ्ठावीस वर्षं झालेली, पण बाईला पाकीट आठवत होतं.

मग त्यांनी मला एक पत्र्याची ट्रंक दाखवली. ट्रंकेत कागदांचा ढीग, आणि त्याला खालून वाळवी लागलेली. शेजारी एक छोटी लाकडी पेटी, निळ्या रंगाची, झाकणावर वळणावळणाची लाल फुलं रंगवलेली. त्या म्हणाल्या, "ही पेटी माझी आई नॉर्वेहून घेऊन आली." मी म्हटलं, "तुम्ही तर अमेरिकेच्या ना?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्यांचे आईबाप नॉर्वे नावाच्या थंड मुलखातले शेतकरी. तिथे डोंगर आणि समुद्र, जमीन चार हात. म्हणून लग्न झाल्या झाल्या बोटीत बसले आणि अमेरिकेत डाकोटा म्हणून सपाट मुलूख आहे तिथे जमीन धरून राहिले. मिससाहेबांचा जन्म तिथला. एक धाकटा भाऊ, तो अजून त्याच शेतावर.

"ह्या ट्रंकेत माझ्या आईची पत्रे आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला ती हवी आहेत. तिकडे नॉर्वेहून आलेल्या लोकांचे जुने कागद एके ठिकाणी जमा करून ठेवतात, त्यांनी त्याच्याकडे मागितली आहेत. ती पत्रे घेतल्याशिवाय मला त्याच्या दारात उभे राहता येणार नाही. समजले? मला दुसरे घर नाही."

समजलं. बाई सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची, इकडचा बंगला सुटणार, तिकडे भावाच्या घराखेरीज थारा नाही, आणि भावाची अट ही पत्रं. एवढं सांगून त्या नगरला निघाल्या. परतीच्या परवानग्यांची कामं होती, दोन दिवस लागणार होते. जीपमध्ये चढताना म्हणाल्या, "जे ठेवण्यासारखे आहे ते पेटीत भर. बाकीचे टाकून दे. डोके वापर."

मी डोकं वापरलं. तीच चूक झाली.

सकाळपासून बसून मी वाळवी झटकली. नॉर्वेची पत्रं ओळखायला सोपी होती. अक्षर इंग्रजीच, पण कुठे कुठे गोल अक्षरावर तिरकी काडी मारलेली. ती सगळी मी एकेक करून पुसली, घड्या सरळ केल्या, पेटीत लावली. चाळीसएक असतील. एकाचाही कोपरा मी दुमडू दिला नाही. आणि मग तळाशी सात पाकिटं निघाली, काळ्या काठाची.

काळा काठ म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पूर्वीच्या साहेबांची बायको तिकडे वारली तेव्हा बंगल्यावर तसंच पाकीट आलं होतं, आणि आठ दिवस प्रार्थना चालल्या होत्या. आपल्याकडे मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, त्यांच्याकडे काठ काळा. गोष्ट तीच. असं पत्र घरात कुणी ठेवत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडायचं, टाकायचं, आणि हात धुऊन आत यायचं. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण हे कुणी सोडलेलं नव्हतं. पाळकसाहेबांच्या घरीसुद्धा.

तरी मी एकदम हात घातला नाही. आत्या दुपारी माझी भाकर घेऊन आल्या, त्यांना पाकिटं दाखवली.

"ह्ये मयताचं हाय," आत्या लांबूनच म्हणाल्या. पुढे यायला तयार नाहीत. "ठिवू नको गं घरात."

"मिससाहेबांच्या आईची आहेत, आत्या. पत्रं नेली तरच भाऊ घरात घेणार आहे त्यांना."

"मग तर लईच वाईट. म्हातारपणी भावाच्या दारात जायाचं, आन् हातात सात मयताच्या चिठ्ठ्या? पाय ठिवल्या ठिवल्या त्या घराचं काय हुईल? त्यांना न्हाई कळत. तुला कळतंय ना? भाईर नेऊन फाड, आन् हात धू."

"हात धुवायला पाणी कुठंय?"

"मग मातीनं घास."

मी बंगल्यामागच्या कचऱ्याच्या खड्ड्याशी गेले. एकेक पाकीट पत्रासकट उभं फाडलं, मग आडवं, मग परत उभं. खड्ड्यात टाकलं. मातीने हात घासले. जेवले.

दोन दिवसांनी मिससाहेब आल्या. टोपी काढायच्या आधी पेटी उघडली. वरची पत्रं बाजूला करून खाली हात घातला, मग सगळी पत्रं बाहेर काढली, मग ट्रंक उलटी केली.

"काळी कुठे आहेत?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण मला वाटत होतं मी बरोबर केलंय. त्यांच्या तोंडाचा रंग उतरत गेला, आणि मग त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यांचा राग नेहमी हळू आवाजातला असायचा.

"तू सूड घेतलास! इतकी वर्षे तू हे पोटात ठेवलेस!"

"मिससाहेब, मयताची पत्रं होती ती."

"त्या पत्रांच्या पाठीवर माझी आई लिहीत असे! तिच्याजवळ दुसरा कागद नव्हता! तिचे अक्षर जगात दुसरे कुठेही नाही!"

हे मला माहीत नव्हतं. पाकिटं मी उघडून पाहिलीच नव्हती. मयताचं पत्र उघडायचं कशाला? बाकीची चाळीस पत्रं होती ती आईला आलेली, नातेवाइकांच्या हातची. आईच्या हातचं जे काय होतं ते ह्या सातांच्या पाठकोऱ्या बाजूला.

त्यांनी पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. पाळकसाहेब दारातच उभे राहिले, टोपी हातात. "हिने काय केले ते पाहा. पोलिसांना कळवा." पाळकसाहेब माझ्याकडे बघतात, त्यांच्याकडे बघतात. शेवटी म्हणाले, "मिससाहेब, आमच्याकडे तशी पद्धत आहे. वाईट हेतू नसावा."

"तुम्ही ख्रिस्ती आहात की कोण आहात?" त्या म्हणाल्या. "शंभर वर्षे इथे आम्ही काय केले?"

पाळकसाहेबांनी टोपी घातली आणि गेले. पोलिसांना काही कळवलं नाही. त्या दिवसापासून पाळकसाहेबांबद्दल मला आदर वाटायला लागला.

मी म्हटलं, "मिससाहेब, दोन दिवस झालेत फक्त. पाऊस नाही, वारा नाही. खड्ड्यात असतील."

आम्ही दोघी खड्ड्याशी गेलो. तर तिथे एक शेळी. वस्तीतलीच, पोट पाठीला लागलेलं. त्या वर्षी गवताची काडी दिसत नव्हती, शेळ्या भिंतीवरच्या जाहिराती चाटायच्या. ती खड्ड्यात उतरून निवांत चघळत होती, आणि तिच्या ओठाबाहेर काळा काठ लोंबत होता. मिससाहेब स्कर्ट सावरत खड्ड्यात उतरल्या. अडुसष्ट वर्षांची बाई! शेळीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, बोट घालून कागद ओढून काढला. शेळीने त्यांना ढुशी दिली. मला हसू आलं. त्यांनी पाहिलं. ते हसू त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि मी पण त्याबद्दल माफी मागितली नाही.

तुकडे गोळा केले, सुपात भरले, जेवायच्या मोठ्या टेबलावर मांडले. निघायला दहा दिवस राहिले होते. त्या म्हणाल्या, "जोड."

आता जोडायचं कसं? मागे कागद चिकटवला तर आईचं अक्षर झाकलं जाणार, पुढे चिकटवला तर नॉर्वेच्या माणसांचं. मी सांगितलं, पातळ कागदाच्या बारीक पट्ट्या पाहिजेत, फक्त शिवणीवर लावायच्या, आतलं दिसलं पाहिजे. तसा पातळ कागद बंगल्यात एकच, त्यांच्या बायबलाचा. मी बोलले तशा त्या ताठ झाल्या. "देवाच्या पुस्तकाला कात्री लावू?" मी म्हटलं, "मग राहू द्या." तासाभराने त्यांनीच बायबल आणलं, शेवटची कोरी पानं कात्रीने कापली आणि माझ्यापुढे टाकली. 

खळीचंही तसंच. रेशनला मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या पिठाची खळ धरत नाही, गव्हाचं पीठ पाहिजे. ते बंगल्यात होतं. मी चुलीवर खळ शिजवत होते, तेव्हा आत्या आल्या. भांड्यात डोकावल्या.

"लापशी हाय व्हय?"

"खळ आहे. कागद चिकटवायला."

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मुद्दाम मोठ्याने, आत ऐकू जाईल असं बोलल्या, "गव्हाचं पीठ! मानसं मिलो खाऊन हागवनीनं मरायली, आन् हिथं मेलेल्यांच्या चिठ्ठ्यांला गहू चारत्यात. व्वा गं मडमे!"

आतून आवाज आला, "त्या बाईला सांग, घरी जा."

"जाते, जाते. माजं काय अडलंय हिथं?" असं म्हणून आत्यांनी भांड्यातून बोटभर खळ काढली, चाटली, आणि गेल्या.

असे नऊ दिवस. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. मला भाषा येत नव्हती, पण गोधडीला चिंध्या लावायचा हात होता. फाटलेली कड कुठल्या कडेला बसते ते मला दिसायचं. शाईचा रंग, घडीची रेघ, पेनाचा दाब. त्यांना भाषा यायची, पण डोळे गेलेले. मी तुकडा बसवायचा, त्यांनी भिंग धरून वाचायचं आणि बरोबर-चूक सांगायचं. बरोबर असलं तर त्या काही बोलायच्या नाहीत. चूक असलं तर म्हणायच्या, "डोळे उघड."

पण वाचताना त्या विसरायच्या की समोर मी आहे. आधी त्यांच्या भाषेत पुटपुटायच्या, मग आपसूक मराठीत. त्यातून मला त्यांची आई कळत गेली.

पुढच्या बाजूला मयत: तिकडे नॉर्वेत हिची आई वारली, सहा महिन्यांनी हिला कळलं. मग बाप. मग बहिणी. आणि मागच्या बाजूला ही, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कुणाला म्हणून लिहीत होती कोण जाणे. उत्तरांचे कच्चे मसुदे असतील, नाहीतर स्वतःशीच. लिहिलं होतं: घर मातीच्या ढेकळांचं, मुळांसकट कापून रचलेलं, पावसात छतातून चिखल ठिबकतो, एकदा जेवताना साप पडला. आजूबाजूला एकही झाड नाही, मला झाड बघायचं आहे. जळण नाही म्हणून गवत पिळून त्याच्या वेण्या करतो आणि त्या जाळतो. तळहात फाटले. टोळ आले आणि दोरीवर वाळत घातलेला झगासुद्धा खाऊन गेले. शेजारीण तीन कोस लांब, ती पण आपल्या भाषेतली नाही. थोरला मुलगा बर्फात गेला, जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून उन्हाळ्यापर्यंत त्याला धान्याच्या कोठीत ठेवला.

हे वाचताना मिससाहेबांचा आवाज हलला नाही. माझ्या हातातली पट्टी मात्र वाकडी लागली. "डोळे उघड," त्या म्हणाल्या.

मला त्यांची आई आवडली. गवताच्या वेण्या करणाऱ्या बाईशी मी गोवऱ्या थापता थापता बोलले असते, भाषा येत नसती तरी. तिच्या मुलीशी मात्र माझं जमलं नाही.

सहाव्या का सातव्या दिवशी एक तुकडा सापडेना. त्यांनी भिंग आपटलं. "हे सर्व तुझ्यामुळे. तुझ्या अंधश्रद्धेमुळे माझ्या आईचे तुकडे झाले."

माझाही तोल गेला. म्हटलं, "एवढी मोलाची होती तर भावाच्या घरीच का नाही ठेवली? तिथे ना वाळवी, ना शेळी, ना मी. इतक्या लांब आणलीत कशाला?"

 मला वाटलं आता मला बाहेर काढणार. पण त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हळू आवाजात सांगितलं. आई वारली तेव्हा त्या रजेवर तिकडेच होत्या. दफन झालं, त्याच आठवड्यात निघायचं होतं. भाऊ शेतावर गेलेला असताना त्यांनी पत्रांसकट पेटी उचलली आणि आपल्या सामानात घातली. त्याला सांगितलं नाही. "त्याने आईला वीस वर्षे सांभाळले, मी काही केले नाही. म्हणून निदान पत्रे तरी माझी," असं काहीतरी म्हणाल्या. भावाने पुढे एक ओळसुद्धा लिहिली नाही. आता लिहिली ती ही: आधी पत्रं, मग घर.

मी खूप वेळ खळ ढवळत राहिले. मग म्हटलं, "विचारल्याशिवाय घेतली ना, मिससाहेब?"

त्यांना समजलं मी काय म्हणाले ते. तोंड लाल झालं. पण ह्यावेळी ओरडल्या नाहीत. भिंग उचललं आणि म्हणाल्या, "पुढचा तुकडा."

दहाव्या दिवशी जीप यायची, त्याच्या आदल्या सकाळी पत्रं पुरी झाली. चार तुकडे शेळीच्या पोटात गेले, ते सोडून. सगळ्या शिवणी दिसत होत्या. त्या बघून त्यांच्या ध्यानात आलं, की भाऊ पेटी उघडणार आणि त्याला वाटणार, बहिणीने रागाने फाडली आणि आता आणून दिली. मग कसलं घर अन् कसलं काय.

त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लिही. मी सांगते. मी, एक अडाणी मोलकरीण—"

"अडाणी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"अडाणी बाईला लिहिता येत नाही, मिससाहेब. मग हा कागद कुणी लिहिला म्हणून तुमचा भाऊ विचारील."

त्यांनी ओठ आवळले. "मग तुला काय लिहायचे ते लिही. पण खरे लिही."

मी लिहिलं. जे लिहिलं ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. तुमच्या आईची सात पत्रं मी फाडली. माझं नाव खाली आहे. आमच्याकडे मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. तुमच्या घराला काही होऊ नये म्हणून फाडली. त्यांच्या पाठीवर आईचं लिहिणं आहे हे मला माहीत नव्हतं. तुमची बहीण तेव्हा नगरला होती, तिचा त्यात हात नाही. नंतर आम्ही दोघींनी नऊ दिवस बसून ती जोडली. चार तुकडे शेळीने खाल्ले, त्याला इलाज नव्हता. तुमच्या आईने फार कष्ट काढले. पत्रं तुम्हाला न विचारता आणली हे तुमच्या बहिणीने मला स्वतः सांगितलं.

प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. दहा ओळी.

त्यांनी भिंगाने वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोड."

"ते खोडायचं तर सगळंच खोडते."

"हे त्याला माहीत आहे. लिहायची गरज नाही."

"माहीत आहे तर लिहिलं म्हणून काय बिघडलं? तुम्ही कबूल केलं एवढंच त्याला माहीत नाही."

 बाहेर गाढवांवर पाण्याचे डबे घालून माणसं ओढ्याकडून येत होती. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या मराठीच्या खाली इंग्रजीत लिहायला सुरुवात केली, माझ्यासारखंच प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. वेळ लागला. मला इंग्रजी येत नाही. मी ओळी मोजल्या. माझ्या दहा. त्यांच्या नऊ.

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.  कागदाची घडी घालून त्यांनी ती पेटीत, सात पत्रांच्या वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती निरोपाला आली. बायका रडल्या. मीही उभी होते, कारण सामान मीच बांधलं होतं. मिससाहेबांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याजवळ आल्या तेव्हा हात पेटीवरच ठेवला. आत्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "गेली एकदाची."

पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर पाळकसाहेबांना मिससाहेबांचं पत्र आलं, त्यात माझ्यासाठी चार ओळी होत्या. पाळकसाहेबांनी वाचून दाखवल्या. भावाने पेटी घेतली. मला मागची खोली दिली. जेवताना तो बोलत नाही. पेटी आता त्या नॉर्वेवाल्यांचे कागद ठेवतात तिथे गेली, आणि तुझा कागद मी मागितला होता, पण भावाने दिला नाही, पेटीबरोबर तोही पाठवला.

पाळकसाहेब म्हणाले, "उत्तर लिहायचं का?" मी नको म्हटलं.

त्या कागदात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती इथे लिहिते. खड्ड्याशी उभी राहून पाकिटं फाडत होते ना, तेव्हा आत्यांचं सांगणं, पद्धत, भावाचं घर, सगळं डोक्यात खरंच होतं. पण तिसरं पाकीट फाडताना हाताला बरं वाटलं. सुजलेल्या हाताला. चौथं मी जरा हळू फाडलं.

आता अमेरिकेत कुठेतरी नॉर्वेच्या शेतकऱ्यांच्या पत्रांत माझ्या अक्षरातला एक कागद पडून आहे. तिथे येणाऱ्यांना मराठी काय येणार? ते खालच्या नऊ ओळी वाचतील आणि पुढे जातील. पण कधी ना कधी आपल्याकडचं कुणीतरी शिकायला तिकडे जाईल, त्याच्या हाती ती पेटी पडेल, आणि तो वरच्या दहा वाचील.